उमेदवार काय ऐकतो?

दोन हजार अकराच्या ऑगस्टमध्ये सिंगापूरला राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लागली आणि आमच्या लोकांना मतदानाची खाज सुटली. पण खाजवायला जागा कुठे होती? आम्ही सगळे पासवाले, म्हणजे कामाच्या परवान्यावर आलेले. कुणी एम्प्लॉयमेंट पासवर, कुणी एस पासवर. इथे मत नाही. गावी मत होतं, पण ते टाकायला विमानाने जायचं, आणि त्यासाठी रजा देणारा साहेब अजून जन्मलेला नाही. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर उमेदवारांचे फोटो लटकत होते. चार उमेदवार, आणि चौघांचं आडनाव एकच! आमचे इंजिनिअर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभे राहून त्या चौघांवर असे भांडायचे, जणू यांनी हात वर केल्याशिवाय कुणी निवडूनच येणार नाही.

मग सगळी हौस मंडळावर निघाली.

आमचं सेरंगून-बिशान मराठी मित्रमंडळ. नाव लांबलचक, सभासद एकशे अडतीस. दर दोन वर्षांनी गणपतीच्या आधी अध्यक्ष निवडायचा, ही पद्धत. यंदा मतदान रविवारी, एकवीस तारखेला. गणपती एक सप्टेंबरला. देशाच्या निवडणुकीची हवा लागल्यामुळे मंडळाने या वर्षी चौदा पानांची नियमावली केली. त्यात सरकारचं बघून कूलिंग-ऑफ डेसुद्धा घातला. म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार बंद, डोकी थंड. आमच्या नियमात वर आणखी एक ओळ होती: 'या दिवशी उमेदवाराने सभासदांसमोर भाषण, गायन, वादन अथवा अल्पोपहार करू नये.' अल्पोपहार अशासाठी, की मागच्या खेपेला एकाने आदल्या दिवशी घरोघरी साबुदाणा वडे पोचवले होते आणि तो पडला होता तरी वड्यांचा विषय दोन वर्षं चालला होता.

मी बाळू. आंग मो किओच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो. शिक्षण आयटीआय. मंडळाचं वार्तापत्र मी काढतो, कारण एकशे अडतीस उच्चशिक्षितांत मराठी टाईप करायला कुणाला वेळ नाही आणि माझ्या चुका काढायला मात्र सगळ्यांना आहे.

आणि मालती माझी बायको. इथल्या एका इस्पितळात नर्स आहे. कराडजवळची. तिची आत्या तमाशाच्या फडात गायची आणि मालती तिच्याकडूनच लावणी शिकली. हे मंडळात बोलायचं नाही, असं मला एका हितचिंतकाने बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी त्याच मीटिंगमध्ये माईक घेऊन सांगून टाकलं.

पाच वर्षं मालती गणपतीच्या कार्यक्रमासाठी फॉर्म भरत होती. पाच वर्षं कार्यक्रम दर्जा समिती तिला नाकारत होती. हो, अशी समिती आहे आमच्याकडे. उत्तर ठरलेलं. "आवाज छान आहे हो, पण आपला प्रेक्षक कौटुंबिक आहे."

"लावणी ऐकणारे काय अनाथ असतात?" मी विचारलं होतं. त्यावर समिती चहा प्यायला गेली.

यंदा मालतीने फॉर्म भरला, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अहो, हा शेवटचा. या वर्षी नाही म्हणाले तर पुढच्या वर्षापासून गणपतीत मी नाईट ड्यूटी मागून घेणार. पेशंटच्या आज्या तरी ऐकतात माझं. चिनी आहेत, एक अक्षर कळत नाही त्यांना, पण डोळे मिटून ऐकतात."

तिने हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. समितीच्या वर एकाच माणसाची सही चालते, अध्यक्षाची. म्हणजे एकवीस तारखेला कोण निवडून येतो यावर माझ्या बायकोचं गाणं अवलंबून होतं.

उमेदवार दोन. एक शिरीषराव, बँकेत आयटीचे मोठे साहेब, सेरंगूनला कॉन्डोमध्ये खासगी फ्लॅट, आणि गाडी. सिंगापुरात गाडी भलतीच महाग, म्हणून ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे त्याच्याशी आमचे लोक जरा वाकूनच बोलतात. दर्जा समितीचे प्रमुखही हेच. दुसरे निशिकांतराव, छप्पन्न वर्षांचे, बिशानला सरकारी फ्लॅटमध्ये एकटे राहणारे प्रोजेक्ट मॅनेजर. मालतीचं विचारलं तर ते म्हणायचे, "बघू." नाही म्हणायला घाबरणारा माणूस बघू म्हणतो.

दोघांचे जाहीरनामे मी शेजारी शेजारी ठेवले. मोदक दोघांचेही उकडीचे. पार्किंग दोघेही देणार होते. 'तरुणांचा सहभाग' दोघांनाही हवा होता. नावं झाकली तर त्यांच्या स्वतःच्या बायकांना ओळखू आलं नसतं कुणाचा कुठला ते. निशिकांतरावांची बायको पुण्याला होती, ती गोष्ट वेगळी.

म्हणून मी दोघांना एकच प्रश्न पाठवला: तुम्ही काय ऐकता? गाणं कुठलं ऐकता, खरं सांगा, वार्तापत्राच्या विशेष अंकात छापायचं आहे.

शिरीषरावांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. 'केवळ ख्याल. विलंबित. पहाटे.'

निशिकांतरावांना दोन दिवस लागले. 'भावगीते, नाट्यपदे. प्रसंगी अभंग.'

मालतीने दोन्ही वाचली. "पहाटे विलंबित ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा इतका झोपलेला दिसतो होय? अहो, खोकला किती दिवसांचा ते पेशंटला विचारायचं नसतं, शेजारच्या खाटेवरच्याला विचारायचं. तो बरोबर सांगतो."

पटलं. मी शेजारची खाट शोधायला निघालो.

सेरंगूनच्या त्या कॉन्डोच्या गेटवर एक तमिळ गार्ड अंकल बसतात, सत्तरीचे. वार्तापत्राचे गठ्ठे टाकायला जातो म्हणून ओळख. मी विचारलं, शिरीष सर गाणं ऐकतात का हो? अंकल खुर्चीत ताठ झाले. इतकी वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून थांबले असावेत.

"एव्हरी डे! ऑफिस से आता, बेसमेंट टू में जाता, गाडी बंद. विंडो बंद. थर्टी-फाइव्ह मिनिट बाहर नहीं आता."

"काय ऐकतात?"

"शादी का! बिग ड्रम, ट्रम्पेट. घोडा पे दूल्हा आता ना, वो वाला!" आणि अंकलनी खुर्चीतल्या खुर्चीत करून दाखवलं. छातीवरून आडवा पट्टा ओढल्यासारखं केलं, डोळे मिटले, आणि दोन्ही हात आढ्याकडे नेऊन बोटं नाचवायला लागले. "ओन्ली हँड. लेग नो."

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी मी बेसमेंट टूमध्ये उतरलो. खांबाआडून बघितलं. चांदीच्या रंगाची ती गाडी, काचा बंद, आणि आतून वरातीचा बँड असा वाजत होता की नंबरप्लेट थरथरत होती. आत शिरीषराव. टाय तसाच. सीटबेल्ट लावलेला. डोळे मिटलेले आणि हात छताला. सीटबेल्ट लावून वरातीत नाचणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मला इतकं हसू फुटलं की मी अग्निशामक नळीच्या पेटीला टेकून उभा राहिलो. आणि हसता हसता रागही आला. अरे, हाच माणूस पाच वर्षं माझ्या बायकोला कौटुंबिक प्रेक्षक शिकवतो आहे!

निशिकांतरावांची गोष्ट बिशानमध्ये त्यांच्या समोरच्या दारात मिळाली. तिथल्या चिनी आंटी कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी नाव काढताच त्यांनी झारी खाली ठेवली.

"युअर फ्रेंड आ? आय्या! दिस मंथ नेव्हर ॲट होम. एव्हरी इव्हनिंग गो गेताय! अँड यू नो आ, बिफोर, ही सिट घोस्ट चेअर! घोस्ट चेअर, हाँ!"

आता हे सांगायला हवं. चिनी लोकांचा सातवा महिना भुतांचा. आपला पितृपक्ष असतो तसा, फक्त मजेशीर. पितर महिनाभर खाली येतात, त्यांना जेवण लागतं आणि करमणूकही लागते. मग मैदानात मंडप टाकतात, झगमगीत स्टेज बांधतात आणि हॉकियन भाषेत धूमधडाक्यात गाणी होतात. त्याला म्हणतात गेताय. माणसांनी मागे बसायचं. पहिली रांग रिकामी ठेवायची, ती भुतांची.

शनिवारी, म्हणजे आमच्या कूलिंग-ऑफ डेच्या संध्याकाळी, मालतीची ड्यूटी तीनला संपली होती. मी म्हटलं, चल, आंग मो किओला गेताय आहे, उमेदवार बघून येऊ.

मैदानात लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, उदबत्तीचा धूर, आणि स्टेजवर इतके दिवे की डोळे दिपावेत. एक बाई पिसांचा मुकुट घालून गात होती. पहिली रांग रिकामी. आणि बाजूला, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ, निशिकांतराव उभे. ऑफिसला घालतात तो इस्त्रीचा शर्ट, हातात रसाचा ग्लास, आणि तोंडाने गाण्याचा शब्द न् शब्द. हॉकियन! एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना माणूस ध्रुपदाला मान उडवत होता.

मी खांद्यावर हात ठेवला. रस सांडला.

"बाळू! माझ्याशी बोलू नकोस. आज कूलिंग-ऑफ डे आहे."

"मी प्रचार करत नाहीये. भावगीत ऐकायला आलोय. हे कुठलं भावगीत?"

त्यांनी मालतीकडे बघितलं, मग स्टेजकडे, मग ग्लासात. "वहिनी, काय सांगू. पाच वर्षांपूर्वी इथून जात होतो. इतकी माणसं आणि पहिली रांग मोकळी! मला वाटलं आपल्या मंडळासारखं असेल, मान्यवर उशिरा येणार. जाऊन बसलो ऐटीत. मागून दोनशे लोकांनी एकदम श्वास ओढला. एक म्हातारा आला, अगदी अदबीने म्हणाला, सर, तुम्ही कुणाच्या तरी मांडीवर बसलाय."

मालती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मागच्या रांगेतली.

"मग?"

"मग काय, उठलो, खुर्चीची माफी मागितली. पण गाणं डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी परत आलो. तेव्हापासून हा महिना मी कुठेच सापडत नाही. कंपनीला वाटतं माझ्याकडे कुणी वारलंय."

"हे का नाही लिहिलंत मला?"

"वेडा आहेस का? छप्पन्न वर्षांचा माणूस हॉकियन गाण्यांवर डोलतो हे छापलंस तर मला दहा मतं पडतील."

"आणि खोटं छापलं तर?"

"साठ." त्यांनी उरलेला रस पिऊन टाकला. "बाळू, मला अध्यक्ष व्हायचंय रे. एकदाच."

मी म्हटलं, "मी छापणार. तुमचंही आणि त्यांचंही. जे बघितलं ते." ते टाळ्या वाजवायला लागले. गाणं संपलं होतं आणि टाळ्यांच्या वेळी निशिकांतराव दुसरं काही करत नसत.

तेवढ्यात निवेदिका पुढे आली. अंगभर चमकी, आवाज कर्ण्यासारखा. आधी हॉकियनमध्ये बोलली, लोक हसले, मग इंग्रजीत म्हणाली की पुढची गायिका दुसऱ्या मैदानातलं गाणं संपवून निघाली आहे आणि रस्त्यात अडकली आहे. या गायिका एका संध्याकाळी तीन-तीन मैदानं करतात. "हू कॅन सिंग? यू? अंकल, यू? दे वेटिंग, लेह!" आणि तिने पहिल्या रिकाम्या रांगेकडे हात केला. भुतांना ताटकळत ठेवायची कुणाची छाती?

निशिकांतराव ओरडले, "हिअर! सिंगर हिअर!" आणि त्यांचं बोट मालतीवर.

"अहो, काहीतरीच काय!" मालती म्हणाली. पण पाय निघाले होते तिचे. मी बघितले ना. तोंड नको म्हणत होतं आणि पाय पायरीवर होते.

निशिकांतराव तिच्यासोबत वर गेले, दुभाषी म्हणून. कीबोर्डवाल्या पोराला मालतीने टाळीवर ठेका दाखवला. त्याने दोनदा मान हलवली आणि धरला. ढोलकी नव्हती, ड्रम होता, पण त्या ड्रमवाल्याचा हात असा पडला की विचारू नका. नर्सची पांढरी चप्पल, साधा पंजाबी ड्रेस, केसांना क्लिप. तिने पदर नसताना पदर सावरला आणि आत्याची लावणी उचलली:

आलाच हाय तर बसा की राया, उंबऱ्यात का हो थांबला?
विडा सुकला, दिवा थकला, तुमचा लाजायचा खेळ लांबला!

अख्खं मैदान वळलं. उसाचा रसवाला यंत्र थांबवून बघायला लागला. ध्रुपद झाल्यावर निवेदिकेने निशिकांतरावांच्या तोंडासमोर माईक धरला. "अंकल, व्हॉट मीनिंग?"

"शी इज सेइंग," निशिकांतराव म्हणाले, "यू हॅव कम, सो प्लीज सिट. व्हाय सो शाय?"

निवेदिकेने हळूच पहिल्या रांगेकडे बघितलं. सगळ्या मैदानाने पहिल्या रांगेकडे बघितलं. आणि मग असा हशा उसळला, असा उसळला, की शेजारच्या ब्लॉकच्या खिडक्यांत माणसं आली! एक आजीबाई उठल्या, हात जोडून त्या रिकाम्या खुर्च्यांना म्हणायला लागल्या, सिट, सिट. मालतीला तेवढंच पाहिजे होतं. दुसरं कडवं तिने थेट भुतांनाच म्हटलं. एकेका खुर्चीला नजर देऊन. तिसऱ्याला निशिकांतराव नाचत होते, मी नाचत होतो, आणि ड्रमवाल्याने ठेका सोडून सरळ वरात काढली होती.

मंडळाच्या कार्यक्रमात पहिली रांग दुसऱ्या गाण्याला चहाला उठते. इथली पहिली रांग शेवटपर्यंत जागची हलली नाही.

कुणीतरी मोबाईलवर सगळं घेतलं होतं. रविवारी सकाळपर्यंत ते फेसबुकवरून आमच्या एकशे अडतीस जणांच्या घरात पोचलं.

रविवारी कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीवर मी विशेष अंक ठेवला. एकच पान. एका बाजूला बेसमेंट टू, दुसऱ्या बाजूला भुताची खुर्ची. माझी टिप्पणी शून्य. गार्ड अंकलचं वाक्य जसंच्या तसं: ओन्ली हँड, लेग नो. लोक येत होते, बसत होते, वाचत होते, आणि खाली मान घालून त्यांचे खांदे हलत होते. शिरीषरावांनी वाचलं. त्यांचे कान लाल झाले. मग ते उठले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "माझा आक्षेप आहे."

टेबलामागे निवडणूक अधिकारी प्रबोध बसला होता. विद्यापीठात पोस्टडॉक, डासांवर संशोधन करतो, आणि नियमावलीची चौदाही पानं त्यानेच लिहिलेली. डासाच्या पायाचे केस मोजणारा माणूस तो, त्याला कुठलाच नियम बारीक वाटत नाही.

"बोला, शिरीषदादा."

"निशिकांतरावांनी कूलिंग-ऑफ डेला सार्वजनिक मंचावर जाऊन गायनात भाग घेतला. संपादकांच्या पत्नीसोबत. व्हिडिओ सर्वांकडे आहे. नियम अकरा."

प्रबोधने पान उलटलं. "नियम अकरा. सिद्ध झालं तर अर्ज बाद. मग तुम्ही बिनविरोध."

हॉलमध्ये एकदम कुजबुज. मी मालतीकडे बघितलं. ती भिंतीशी उभी होती आणि तिच्या हातात सकाळी माझ्याकडून परत घेतलेला तो घडी केलेला फॉर्म होता. बिनविरोध म्हणजे दर्जा समिती. दर्जा समिती म्हणजे नाईट ड्यूटी.

शिरीषराव मोठ्या मनाने म्हणाले, "मला वाद वाढवायचा नाही. निशिकांतरावांनी एवढंच सांगावं की तसल्या ठिकाणी ते चुकून गेले होते. मी आक्षेप मागे घेतो."

निशिकांतराव उठले. शर्ट इस्त्रीचा, चेहरा घामाचा. मला वाटलं, आता हा माणूस म्हणतो 'बघू'.

"चुकून?" ते म्हणाले. "एकदा चुकून जातो माणूस. मी पाच वर्षं जातोय. या महिन्यातच सोळा वेळा. मी नाट्यपदं ऐकत नाही, मला झोप येते. करा अर्ज बाद."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. आमच्या मंडळात शिट्टी! नीलिमावहिनी, शिरीषरावांच्या पत्नी, त्यासुद्धा हसल्या. त्यांना बेसमेंट टूचं आजच कळलं होतं. इतकी वर्षं त्या ट्रॅफिकला दोष देत होत्या.

मालती भिंतीपासून पुढे आली. "प्रबोध, नियमात काय लिहिलंय? सभासदांसमोर. तिथे सभासद दोन होते. मी आणि हे. मी गात होते, हे नाचत होते. समोर होती ती चिनी माणसं, आणि त्यांच्या पुढे भुतं. त्यातलं कुणी वर्गणी भरलेलं असेल तर सांग."

प्रबोध गंभीरपणे म्हणाला, "मालतीताई, ते व्हिडिओ बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पुरावा पूर्ण बघावा लागेल. आवाजासह. नियम तेरा."

देव त्या मुलाचं आणि त्याच्या डासांचं भलं करो. त्याने लॅपटॉप हॉलच्या स्पीकरला जोडला, पडदा खाली ओढला, आणि ज्या हॉलने माझ्या बायकोला पाच वर्षं बाहेर ठेवलं होतं त्या हॉलमध्ये तिचा आवाज घुमला. आलाच हाय तर बसा की राया! भिंतींना जाऊन आदळला तो आवाज. पहिल्या ओळीला लोक दबून बसले होते. दुसऱ्या ओळीला कुणाचा तरी पाय वाजला. निशिकांतरावांचं 'व्हाय सो शाय' आलं आणि हॉल फुटला. ज्यांना आपण कौटुंबिक म्हणतो त्या सगळ्या आज्या-आया टाळ्या धरत होत्या. सासूबाईंना घेऊन आलेल्या एक बाई तर खुर्चीवर बसूनच कंबरेतून नाचायला लागल्या, आणि सासूबाई ठेका देत होत्या.

तिसरं कडवं. ड्रमवाल्याने वरात काढली.

मी शिरीषरावांकडेच बघत होतो. आधी त्यांची बोटं हलली. मांडीवर. मग मनगट. त्यांनी एक हात दुसऱ्याने धरून ठेवला, खरंच सांगतो, धरून ठेवला. उपयोग झाला नाही. डोळे मिटले आणि दोन्ही हात सुटले, वर गेले, थेट आढ्याकडे, बोटं नाचत. पाय जमिनीला चिकटलेले. ओन्ली हँड.

एकेक करून सगळा हॉल वळला. सगळ्यांच्या मांडीवर ते पान होतं. हशा सुरू झाला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. हात वरच राहिले. खाली आणावेत तर कबुली, ठेवावेत तरी कबुली.

प्रबोधने व्हिडिओ थांबवला. "शिरीषदादा, आक्षेप कायम आहे का?"

"बंद कशाला केलास?" शिरीषराव ओरडले. "आधी संपू दे ना!"

संपू दिलं. मग पुन्हा एकदा लावलं, कारण उशिरा आलेल्या लोकांनी पुरावा बघितला नव्हता. मग आक्षेप मागे. मग मतदान. प्रबोधने मतं दोनदा मोजली. शिरीषराव एकसष्ट, निशिकांतराव अठ्ठावन्न.

हो, शिरीषराव जिंकले. गाडीवाला जिंकतो. मी निशिकांतरावांना मत दिलं होतं, आणि मला वाईट वाटायला लागलं होतं तेवढ्यात ते माझ्याकडे जवळजवळ पळतच आले. मिठी मारली. "अठ्ठावन्न, बाळू! मी दहा म्हणालो होतो! अठ्ठावन्न लोकांना चालतं रे!" हरलेला माणूस इतका खूश मी कधी बघितला नाही. संध्याकाळी ते गेतायला गेलेच.

शिरीषराव मालतीपुढे येऊन उभे राहिले. पेन हातात. "मालतीवहिनी, तो फॉर्म."

तिने घडी उलगडून दिला. त्यांनी सही केली. "सात ते पावणेआठ ठीक आहे? आणि तो शेवटचा ठेका, तो घ्याल ना?"

"घेईन. पण माझी एक अट आहे."

"बोला."

"पहिली रांग रिकामी ठेवायची. सोफे काढायचे, साध्या खुर्च्या मांडायच्या, आणि त्यावर कुणी बसायचं नाही. प्रायोजक नाही, समिती नाही, तुम्ही पण नाही. मागल्या शनिवारी, म्हणजे कालच की हो, मला पहिल्यांदा उठून न जाणारी पहिली रांग मिळाली. आता सवय लागली मला."

शिरीषरावांनी फॉर्मवर सहीखाली लिहिलं: पहिली रांग राखीव.

सत्तावीस तारखेला देशाचा राष्ट्राध्यक्षही निवडून आला, अगदी थोडक्या मतांनी. एमआरटीतले आमचे इंजिनिअर त्यावर आठवडाभर भांडले. खांबांवरचे फोटो उतरले. एक सप्टेंबरला गणपती बसले.

त्या संध्याकाळी मालतीने आत्याची हिरवी नऊवारी नेसली होती. पहिल्या रांगेत बारा लाल खुर्च्या. निशिकांतरावांनी आंग मो किओच्या मंडपवाल्याकडून मागून आणलेल्या. बिशानच्या आंटी आल्या होत्या, गार्ड अंकल ड्यूटी बदलून आले होते. तिने पहिली ओळ उचलली, त्या बारा खुर्च्यांकडे बघून, लाजत लाजत: आलाच हाय तर बसा की राया.

चहाला कुणी उठलं नाही.

अध्यक्ष तिसऱ्या रांगेत बसले होते. हात कधीच वर गेले होते. शेवटच्या ठेक्याला मी वाकून खुर्च्यांच्या खालून बघितलं. पायही हलत होते.